‘ट्राय करतो’ म्हणजे नक्की कधी देणार?

‘ट्राय करतो’, ‘स्ट्रगल चालू आहे’, ‘मोठं चॅलेंज आहे’ हे शब्द आपल्या तोंडात बसलेत. इंग्रजीला हरकत नाही. पण त्यातून काम कुठवर आलंय, हे समजत नाही.

उद्यम नोंदणीच घ्या. १ जुलै २०२० पासून ती ऑनलाइन आणि मोफत आहे. तिथे ‘ट्राय करतोय’ कशाला? ‘आज आधार, पॅन घेऊन बसतो आणि फॉर्म भरतो’ म्हणा.

ग्राहकाने ऑर्डर कधी मिळेल विचारलं, तर ‘ट्राय करतो’ ऐकून तो दुसरं दुकान गाठतो. त्याला ‘शुक्रवारी पाचपर्यंत देतो’ सांगा. जमणार नसेल तर तेही आजच सांगा. नकार ग्राहक एकवेळ पचवतो, ताटकळणं नाही. शेवटी धंदा शब्दावरच चालतो ना?