कातरवेळेचं काय करायचं?

मैत्रिणींनो, दिवेलागणीला तुम्हाला कधी उगाचच रडू येतं का? मला यायचं. दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात तर रोजच. यवतमाळात झड लागलेली, ओले कपडे घरभर दोरीवर, खिडक्या बंद. शाळेतून आले की दुपारी दोन-दोन तास झोपायची आणि रात्री टक्क जागी. मुलांवर ओरडायचं नि मग आपणच डोळे पुसायचे. घरात सगळं असून मला झालंय तरी काय, हेच कळेना.

तेव्हा मुलींना शिकवण्यासाठी पुस्तकं चाळताना ग्रेस यांचा ‘संध्याकाळच्या कविता’ हाती लागला. संग्रह १९६७ सालचा. ग्रेस, म्हणजे माणिक गोडघाटे, आपल्या नागपूरचेच. खरं सांगते, अर्ध्याअधिक ओळी डोक्यावरून गेल्या. त्यांना ‘दुर्बोध’ म्हणणारे काही कमी नव्हते! पण त्यातली संध्याकाळची हुरहूर मात्र ओळखीची वाटली. एवढा मोठा कवी तिच्यावर पुस्तक लिहितो, मग मीच का लपवतेय? त्या रात्री ह्यांना सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी समजावलं, की अंधार पडला की शरीरात मेलाटोनिन वाढतं आणि झोप येते. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ लागतं. हिवाळ्यात येणारी उदासी हा आजार अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल यांनी १९८४ साली मांडला. आपल्याकडे थंडीतला लहानात लहान दिवसही जवळजवळ ११ तासांचा. माझी अडचण कोंडून घेण्याची होती. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो.

आता सकाळची भाजी मी ओसरीतच निवडते. दुपारची झोप २० मिनिटं, गजर लावून. रात्री मोबाइल स्वयंपाकघरात. “दिवेलागणीला निजू नये” म्हणणाऱ्या सासूबाईंना मी मनात हसायची, ते हसू आता गिळलंय.

पण एवढ्यावर भागलं नाही, मला काही महिने गोळ्याही घ्याव्या लागल्या. उदासी दोन आठवडे हटली नाही, जेवण तुटलं, जीव नकोसा वाटला, तर डॉक्टर गाठाच. २०२२ पासून सरकारची ‘टेली-मानस’ सेवाही आहे. १४४१६ वर फोन करा; मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

पुस्तक सध्या शेजारच्या वहिनींकडे आहे. परवा त्यांनी विचारलं, “आणखी थोडे दिवस ठेवू का?” मी कारण विचारलं नाही. चहा टाकला.