जिनिंगमध्ये नवी मोटर जोडताय? आधी पॅनलची ताकद बघा

बीड : दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस बाजारात येतो आणि गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर भागातल्या जिनिंग सुरू होतात. त्याआधीच्या रिकाम्या दिवसांत कुठे नवं मशीन बसतं, कुठे प्रेसची मोटर मोठी होते. मशीन मालक चार ठिकाणी फिरून घेतो, पण ते चालवणाऱ्या पॅनलचा विचार शेवटी होतो. घोळ तिथंच होतो.

या पॅनलला मोटर कंट्रोल सेंटर म्हणतात, कामगारांच्या भाषेत एमसीसी. शेतकऱ्याला ते अवघड नाही. विहिरीवरच्या स्टार्टर पेटीत काय असतं? फ्यूज, मोटर चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर आणि लोड वाढला की ट्रिप करणारा रिले. अशा वीस-पंचवीस पेट्या एका लोखंडी कपाटात कप्प्या-कप्प्यानं बसवल्या की झालं एमसीसी. एका मोटरला एक कप्पा, त्याला फीडर म्हणतात. सगळ्या कप्प्यांना वीज देणारी तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी म्हणजे बसबार. बाहेरची वीज आत घेणारा मोठा ब्रेकर म्हणजे इनकमर. परळीचं औष्णिक वीज केंद्र असो की साखर कारखाना, पद्धत हीच, फक्त तिथं पॅनलच्या रांगा लागतात.

आता हिशेब. ४१५ व्होल्टवर एका एचपीला साधारण १.४ अँपिअर करंट लागतो. म्हणजे ५० एचपीच्या मोटरला ७० अँपिअर. समजा इनकमर ४०० अँपिअरचा आहे आणि ऐन हंगामात ३४० अँपिअर लोड चालतो. पॅनलमध्ये एक कप्पा रिकामा दिसतो म्हणून ही मोटर तिथं जोडली, तर लोड झाला ४१०. कप्पा रिकामा होता, बसबारमध्ये जागा नव्हती! त्यात मोटर थेट चालू केली तर सुरुवातीचे काही सेकंद सहा-सात पट करंट ओढते. स्टार-डेल्टा स्टार्टरनं तो तिसऱ्या हिश्श्यावर येतो.

मग इनकमर ट्रिप व्हायला लागतो आणि कुणीतरी त्याची सेटिंग वाढवून ठेवतो. विहिरीवर फ्यूजच्या जागी जाड तार टाकण्यासारखंच हे. ट्रिपिंग थांबतं, पण बसबारचे जोड तापत राहतात. जिनिंगमध्ये हवेत सरकीची धूळ आणि कापसाचे तंतू उडत असतात. ते पॅनलमध्ये जाऊन बसले आणि जोड तापला, तर ठिणगीला फार वेळ लागत नाही. म्हणून पॅनल वेगळ्या बंद खोलीत हवं, केबल आत येते ती भोकं ग्लँडनं बंद हवीत. ट्रान्सफॉर्मर मोठा केला असेल तर जुनं पॅनल शॉर्टसर्किटचा वाढलेला झटका सोसेल का, हेही तपासून घ्यावं लागतं. मंजूर भार वाढवायचा अर्ज महावितरणकडे वेगळा.

जोडणीच्या वेळी जीव जातो तो बहुतेक घाईत. एका फीडरचा स्विच बंद केला तरी मागचा बसबार चालूच असतो. इनकमर बंद करायचा, त्याला कुलूप लावायचं, किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. त्यानंतर टेस्टरनं तिन्ही फेज तपासायचे. आयटीआय करून नुकत्याच लागलेल्या पोराला ‘चालू लाईनवरच कर’ म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणायचं. हे काम परवानाधारक ठेकेदाराचं आहे, आणि नियमानुसार मोटरच्या बॉडीला दोन वेगवेगळे अर्थिंग लागतात.

काम झाल्यावर मेगरनं इन्सुलेशन बघायचं, मोटर क्षणभर फिरवून दिशा तपासायची आणि ओव्हरलोड रिले मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरवर लावायचा. स्टार-डेल्टात रिले आतल्या जोडणीत असेल तर त्या आकड्याच्या ५८ टक्क्यांवर.