इशाऱ्याची भाषा

मुलांनो, तुमच्या आजोबांच्या लहानपणी गावाला एखादी महत्त्वाची वर्दी द्यावयाची असली, म्हणजे दवंडी पिटली जात असे. डफावर थाप पडली, की माणसे हातातले काम टाकून दाराशी येत. दवंडीवाला चावडीपासून वेशीपर्यंत फिरे आणि चार वाक्यांत निरोप सांगे. निरोप कोणाचा, गोष्ट कोणती, ती कोठे व केव्हा घडणार आणि ऐकणाऱ्याने काय करावयाचे, एवढे सर्व त्या चार वाक्यांत येई. त्यात शोभेचा शब्द नसे आणि आवश्यक शब्द गळतही नसे.

आज डफाची जागा मोबाईलने घेतली आहे. आपल्या देशात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी सी-डॉट या सरकारी संस्थेने 'सचेत' नावाची यंत्रणा उभारली. २०२३ मध्ये मोबाईलवर इशारे देण्याच्या चाचण्या झाल्या, तेव्हा अनेक शहरांत फोन एकाएकी मोठ्याने वाजू लागले. असा निरोप एकेकाला निरनिराळा पाठविला जात नाही. मनोऱ्याच्या टप्प्यातील सर्व फोनांना तो एकदमच मिळतो. त्यामुळे अल्पावधीत लाखो लोकांना सावध करता येते. परंतु ज्या वाटेने खरा निरोप लाखो घरांत जातो, त्याच वाटेने खोटाही जातो.

अमेरिकेच्या हवाई बेटांवर १३ जानेवारी २०१८ रोजी सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी असेच घडले. क्षेपणास्त्र येत आहे, ताबडतोब आश्रय घ्या, हा सराव नव्हे, असा इशारा सर्वांच्या फोनवर झळकला. आईबापांनी मुलांना न्हाणीघरात लपविले. कित्येकांनी आप्तांना अखेरचे निरोप धाडले. प्रत्यक्षात क्षेपणास्त्र नव्हतेच. कचेरीत सराव चालू होता आणि तो खरा प्रसंग आहे, असे एका कर्मचाऱ्याला वाटले. चूक लवकरच ध्यानात आली. पण ती सुधारण्याचा निरोप तयार ठेवलेला नव्हता. तो फोनवर पोहोचेपर्यंत ३८ मिनिटे गेली. पुढे तेथे असा नियम झाला, की एकट्या माणसाने इशारा पाठवू नये. दुसऱ्याने तो पाहावा आणि मगच तो जावा.

दुसरे उदाहरण ९ जानेवारी २०२५ चे आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस परगण्याच्या एका भागात वणवा पेटला होता. त्या भागापुरता द्यावयाचा इशारा चुकून जवळजवळ १ कोटी लोकांच्या फोनवर गेला. त्यात वणव्याच्या ठिकाणाचे नाव नव्हते. 'तुमच्या भागात' एवढेच म्हटले होते. हा 'भाग' कोणता, हे कोणी ओळखावे? गावाचे नाव लिहिलेले असते, तर दूरच्या माणसाला चूक तत्काळ कळली असती.

डेनिस मिलेटी आणि जॉन सोरेन्सन या अमेरिकन अभ्यासकांनी अशा अनेक प्रसंगांचा धांडोळा घेऊन १९९० मध्ये एक अहवाल लिहिला. संकट, स्थळ, वेळ, उपाय आणि इशारा देणारा, या पाच गोष्टी चांगल्या इशाऱ्यात असाव्यात, असे त्यांनी दाखविले. आपल्या दवंडीतील पाच गोष्टीही याच होत्या, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल.

आता या कामात एक नवा लेखनिक आला आहे. तो म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने २०२३ मध्ये आपल्या सूचनांची स्पॅनिश आणि चिनी भाषांतरे करण्यासाठी तिचे साहाय्य घेतले. हा लेखनिक थकत नाही आणि क्षणार्धात अनेक भाषांत मजकूर लिहून देतो. पुराचे पाणी चढत असताना वाचलेली दहा मिनिटे म्हणजे वाचलेले जीव होत. तेव्हा त्याचे साहाय्य नाकारणे शहाणपणाचे नाही. मात्र त्याचा स्वभाव ओळखला पाहिजे. त्याने अगणित लेख वाचले आहेत आणि कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द बहुधा येतो, हे तो जाणतो. पण नदीकाठी उभा राहून त्याने पाणी पाहिलेले नाही.

समजा, त्याला एवढेच सांगितले, की 'पूर येत आहे, इशारा लिही.' तो कदाचित लिहील : 'पूरजन्य परिस्थिती उद्भवण्याची शक्यता नाकारता येत नाही, नागरिकांनी सतर्कता बाळगावी.' वाक्य शुद्ध आहे. पण ते वाचून आजीने उठावे की बसावे? पुन्हा सांगितल्यावर तो लिहील : 'गावातील शाळेत आश्रय घ्या.' आता वाक्य स्पष्ट झाले. परंतु त्या गावची शाळा नदीकाठच्या सखल जागेत असेल तर? पुष्कळ इशाऱ्यांत शाळेचा उल्लेख असतो, म्हणून त्याने तो केला. पहिल्या वाक्याने लोक घरीच बसतील. दुसऱ्याने ते पाण्यात जातील. सुबक वाक्यातील खोटी माहिती अधिक घातक, कारण तिचा संशय येत नाही.

म्हणून अशा लेखनाला कसोट्या लावल्या पाहिजेत. पहिली कसोटी ही, की पाचही गोष्टी त्यात आहेत काय? दुसरी, प्रत्येक नाव आणि आकडा अधिकाऱ्याने दिलेल्या माहितीतलाच आहे काय? जे सांगितले नाही, ते यंत्राने आपल्या पदरचे घालू नये. जागा मोकळी सोडून विचारावे. तिसरी, शब्द सोपे आहेत काय? चौथी, ती भाषा घरी बोलणाऱ्याने भाषांतर वाचले आहे काय? पाचवी, दोन जबाबदार माणसांनी पाहिल्यावरच तो पाठविला जाईल काय? आणि सहावी, चूक झाल्यास ती सुधारणारा निरोप आधीच तयार आहे काय?

ही परीक्षा संकटाच्या रात्री घ्यावयाची नसते. शांत दिवसांत यंत्राकडून शेकडो कल्पित प्रसंगांचे इशारे लिहवून घ्यावेत, ते सामान्य माणसांना वाचून दाखवावेत आणि 'आता तुम्ही काय कराल?' असे विचारावे. सर्वांनी एकच आणि योग्य उत्तर दिले, तर तो इशारा उतरला, असे समजावे.

तुम्हीही हे करून पाहा. आपल्या गावासाठी पुराचा एक इशारा पाच ओळींत लिहा आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना ऐकवा. त्यांनी 'म्हणजे जायचे कोठे?' असे विचारले, तर रागावू नका. कोणती ओळ पुन्हा लिहावयाची, हे त्यांनी तुम्हांला सांगितले आहे.