नोकरी सांभाळून संशोधन करणाऱ्या परिचारिका

परिचर्येची परंपरा सांगताना मदिनेतील रुफैदा अल-अस्लमिया (रजि.) यांच्या तंबूचा उल्लेख आवर्जून होतो. आजची परिचारिका वॉर्डाबरोबर विद्यापीठातही पाऊल ठेवीत आहे. तेथे तिची अडचण बहुधा बुद्धीची नसून वेळापत्रकाची असते.

एम.एस्सी. नर्सिंग हा दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. त्यापुढे नोकरी न सोडता संशोधन करावयाचे तर अर्धवेळ पीएच.डी.चा मार्ग उरतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांत त्यास स्पष्ट परवानगी आहे. मात्र नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. अर्धवेळ अभ्यासास परवानगी आहे, कामातून संशोधनास पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त केले जाईल, असे त्यात नमूद असावे लागते. खरी कसोटी या तिसऱ्या ओळीची. ती पाळायची तर मेट्रनला त्या पाळीवर दुसरी परिचारिका द्यावी लागते. १२ ते १६ श्रेयांकांच्या कोर्सवर्कचे तास ठरलेले असतात, ड्युटी मात्र फिरती. रात्रपाळी संपवून थेट वर्गात आलेली विद्यार्थिनी हजेरी भरते. डोक्यात किती शिरते, हा प्रश्न वेगळा.

मुदत किमान ३ व कमाल ६ वर्षांची आहे. पुनर्नोंदणीने २ वर्षे आणि स्त्री संशोधकांना आणखी २ वर्षे मिळू शकतात. एकूण १० च्या पुढे जाता येत नाही. प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा विद्यापीठाकडची. रुग्णालयाची रजा निराळी मागावी लागते, हे आधीच सांगितलेले बरे.

याहून नाजूक बाब विषयनिवडीची. आपल्याच वॉर्डातील रुग्ण घेणे सोयीचे वाटते. परंतु जी सिस्टर इंजेक्शन देते, तिनेच संमतिपत्र पुढे केल्यावर नकार देण्याचे धाडस किती रुग्णांना होईल? आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमती दबावाविना आणि रुग्णास समजेल अशा भाषेत घ्यावयाची असते. बेळगावसारख्या ठिकाणी मराठी, कन्नड व उर्दू अशी तीन पत्रके लागू शकतात. संमती घेण्याचे काम उपचारांशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याकडे सोपविणे हा त्यातल्या त्यात सरळ उपाय. नैतिकता समितीची मंजुरी येईपर्यंत एकही प्रश्नावली भरून घेऊ नये.

कम्युनिटी कॉलेजच्या अध्यापकांची मदत येथे होऊ शकते, विशेषतः संख्याशास्त्राची. नमुना किती घ्यावा हा प्रश्न माहिती गोळा झाल्यावर घेऊन येणाऱ्या विद्यार्थिनीस फारसे काही देता येत नाही. आराखडा लिहीत असतानाच तिच्याबरोबर दोन बैठका झाल्या, आणि त्याही तिच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी, तर पुढची बरीच धावपळ वाचते.