एक पद, दोन राग

गाणारी माणसं रेकॉर्ड ऐकायला बसली की गाणं पुढे सरकतच नाही. धड एक ओळ होत नाही तोच कुणीतरी म्हणतं, ‘थांबव.’ गोव्यात डिचोलीला एका बुवांच्या घरी असंच चाललं होतं. समोर पेटी, तिच्यावर टेकवून ठेवलेला फोन, आणि पेडण्याहून आलेला एक तरुण गायक. बुवांच्या मैफली ऐकून तो त्यांचा भक्त झालेला. रेकॉर्ड ‘कट्यार काळजात घुसली’ची.

नाटक १९६७चं. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचं. या भागात नाट्यसंगीत वेगळं शिकवावं लागत नाही. गायक रामदास कामत याच तालुक्यातल्या साखळीचे, आणि देवळातल्या उत्सवी नाटकांमुळे पदं पोरांच्या कानावर आपसूक पडतात. अडचण तीच. कानावर पडलेलं येतं असं वाटू लागतं.

म्हणून बुवांनी मुद्दाम ‘घेई छंद मकरंद’ काढलं. हे पद दोनदा येतं. प्रसाद सावकार ते धानीत गातात, वसंतराव देशपांडे सालगवराळीत. शब्द तेच. बुवांनी पेटीवर आधी धानीचे सूर वाजवले: सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. मग सालगवराळी: मध्यम गेला, कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत आले. बाकी चार सूर दोन्हींत सारखेच. हे मी आजवर कधी ताडून पाहिलं नव्हतं. अभिषेकींनी नाटकात भांडणाऱ्या दोन गायकींना जवळजवळ एकाच अंगणात उभं केलंय.

तरुणाने सालगवराळी धरली. षड्जावरून गंधारापर्यंत छान गेला, पण पंचमाकडे जाताना मध्यमाला स्पर्श झालाच.

‘हा कुठून आणलास?’

‘लागला, बुवा.’

‘लागला नाही, धानीतून बरोबर आला. गंधारावर थांब. पंचम दिसू दे, मगच उडी मार.’

तीच जागा किती वेळा झाली ते मोजलं नाही. फोनवर वसंतराव, मग पोरगा, मग पुन्हा वसंतराव. गंमत म्हणजे नाटकातला शिकू पाहणारा सदाशिवही खाँसाहेबांचं, म्हणजे वसंतरावांच्या भूमिकेचं, गाणं चोरूनच ऐकतो. इथे चोरी राजरोस, शिवाय चहासकट.

मग तान आली. पोराने ती हुबेहूब बसवली होती आणि दाद मिळेल अशी त्याची अपेक्षा दिसत होती. बुवा म्हणाले, ‘ही घेऊ नकोस. वसंतराव बेधडक जातात कारण त्यांना पुढे काय येणार ते त्या क्षणी सुचतंय. तुला ते पाठ आहे.’

मला हे पूर्ण पटलं नाही. नक्कल केल्याशिवाय गळा तयार कसा व्हायचा? तरुणालाही पटलेलं नसावं. ‘मग तुम्ही लहानपणी काय करत होता?’ त्याने आदबीने, पण विचारलंच.

बुवा हसले. ‘नक्कलच. पण रेकॉर्ड आमच्या घरी नव्हती. शेजाऱ्याने लावली की ऐकायची. दुसऱ्यांदा लाव म्हणायची सोय नसे, त्यामुळे अर्धी तान विसरायची आणि अर्धी आपली घालावी लागायची.’

एवढं बोलून त्यांनी फोन पालथा ठेवला आणि पेटीवर गंधार दिला. ‘आता धानी. न ऐकता.’