वस्त्राचा पूर्ण प्रवास

विनयपिटकातील चुल्लवग्गात कोसंबीचा राजा उदेन आणि स्थविर आनंद यांचा संवाद आहे. राण्यांनी दान दिलेल्या पाचशे वस्त्रांचे काय करणार, असे राजा विचारतो. ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्षूंना वाटू, असे आनंद सांगतात. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची आंथरुणे, ती विटली की गादीची खोळ, पुढे बसकर, पायपुसणे, धूळ झटकण्याचे फडके आणि अखेर चिंध्या चिखलात कालवून जमिनीचा गिलावा.

यवतमाळ जिल्हा कापसाचा, तोही बहुतांशी कोरडवाहू. त्यामागचे कष्ट वसतिगृहातील अनेक मुलींनी घरीच पाहिलेले असतात. आखूड झालेला गणवेश धाकटीला, विरलेल्या ओढणीची पिशवी, हे त्यांना शिकवावे लागत नाही.

अडते ते मासिक पाळीच्या कापडापाशी. बाजारातील बहुतेक पॅडमध्ये प्लास्टिकचा थर असतो. तो कुजत नाही, उघड्यावर जाळला तर विषारी धूर होतो. सुती पॅड पुन्हा वापरता येते, मात्र ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवले पाहिजे. लाजेपोटी ते दुसऱ्या कपड्याखाली, दमट कोपऱ्यात वाळते आणि संसर्गाचा धोका वाढतो. तेव्हा मुलींना पर्यावरणाचे धडे देण्याआधी आपण मोठ्यांनी न्हाणीघरात पुरेसे पाणी आणि गच्चीवर उन्हातली एक दोरी द्यावी. ज्या मुली विकतचे पॅड वापरतात त्यांनी ते नीट गुंडाळून इतर कचऱ्यापासून वेगळे टाकावे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ते गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकायला सांगितले होते, आता मात्र ते वेगळे ठेवायचे असते.