परळचा गव्हर्नर बंगला

परळचा गव्हर्नर बंगला : ईस्ट इंडिया कंपनीच्या व पुढे ब्रिटिश सरकारच्या मुंबई येथील गव्हर्नरांचे कोटाबाहेरील निवासस्थान. कोलकात्याजवळ बराकपूर, मद्रासजवळ गिंडी, तसे मुंबईच्या किल्ल्यापासून सु. ८ किमी. वरील हे स्थान होते. याच वास्तूत सध्या हाफकिन संस्था आहे.

मूळ वास्तू पोर्तुगीज काळातील जेझुइट पंथीयांचे चर्च व मठ होती. जंजिऱ्याच्या याकूतखान सिद्दीने १६८९-९० मध्ये मुंबईवर स्वारी केली. तीत जेझुइटांनी शत्रूस साहाय्य केल्याचा ठपका ठेवून कंपनीने त्यांची मालमत्ता जप्त केली. आरोपात तथ्य किती होते, हा वादाचा विषय असला, तरी विस्तीर्ण जमिनी त्यामुळे कंपनीच्या पदरात पडल्या, एवढे निश्चित. गव्हर्नर चार्ल्स बून (कार. १७१५–२२) याने १७१९ च्या सुमारास मठाचा उपयोग विश्रामस्थान म्हणून सुरू केला. विल्यम हॉर्नबी (कार. १७७१–८४) तेथे कायमचा राहावयास गेला आणि किल्ल्यातील गव्हर्नरचे घर मागे पडले. मौंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन (कार. १८१९–२७) याने इमारतीस दोन पाखे जोडून तिचा विस्तार केला. ज्या दालनात पूर्वी प्रार्थना होई, त्याचे भोजनगृह झाले व त्यावरील मजल्यावर नृत्यशाळा थाटली गेली. १८७५ मध्ये भारतभेटीस आलेला प्रिन्स ऑफ वेल्स (पुढे सातवा एडवर्ड) येथेच उतरला होता.

तोपर्यंत परळचे स्वरूप पालटू लागले होते. वाड्या व शेते यांच्या जागी कापडगिरण्या आणि कामगारांची दाट वस्ती येत होती. सखल, दलदलीची जमीन रोगट समजली जाई. १८८२ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन याची पत्नी येथे पटकीने मरण पावली आणि १८८५ च्या सुमारास निवासस्थान मलबार पॉइंट येथे हलविण्यात आले. तेच पुढे राजभवन झाले. रोगाने चाळीत शेकडो बळी घेतले, तरी न हलणारे सरकार बंगल्यातील एका मृत्यूने हलले, हेही नोंदले पाहिजे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हीएगश यांनी प्लेगचे निदान केले. ओस पडलेल्या बंगल्यात प्रथम प्लेगचे रुग्णालय निघाले. व्हाल्डेमार हाफकिन (१८६०–१९३०) या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत प्लेगप्रतिबंधक लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःस टोचून घेतली. लशीची मागणी वाढली, तेव्हा प्रयोगशाळेसाठी जागा शोधणे भाग पडले. अखेर १८९९ मध्ये हा बंगला तिला मिळाला.

येथील कार्यात १९०५ पासून प्लेग आयोगाने केलेल्या प्रयोगांचे महत्त्व विशेष आहे. आवारात बांधलेल्या खोल्यांत गिनीपिगांचे पिंजरे निरनिराळ्या उंचीवर ठेवण्यात आले. जमिनीलगतच्या पिंजऱ्यांतील प्राणी रोगाने मेले. पिसूची उडी जेथवर पोहोचत नाही, इतक्या उंचावरील वाचले. रोग हवेतून वा जमिनीच्या संसर्गाने नव्हे, तर उंदरावरील पिसवांमुळे पसरतो, या मताला त्यातून बळकट आधार मिळाला. घरे जाळणे, जमिनी धुणे, सामान उघड्यावर फेकणे या ज्या उपायांनी लोकांत असंतोष माजला होता, त्यांचा पायाच त्यामुळे ढासळला.

प्रयोगशाळेस १९०६ मध्ये ‘बाँबे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ व १९२५ मध्ये ‘हाफकिन इन्स्टिट्यूट’ हे नाव मिळाले. साहिब सिंग सोखे हे १९३२ मध्ये तिचे पहिले भारतीय संचालक झाले. १९७५ मध्ये लसनिर्मितीचे काम स्वतंत्र महामंडळाकडे सोपविण्यात आले. संशोधन व अध्यापन जुन्या वास्तूत चालू राहिले.